राजकीय मत कधी धरून ठेवावे आणि कधी बदलावे: चंद्रपूरच्या दारूबंदीच्या आधारे एक कार्यपद्धती

चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी लागू झाली. तिच्यामागे गावोगावच्या बायकांनी वर्षानुवर्षे केलेले आंदोलन होते. २७ मे २०२१ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ती उठवली. शेजारच्या वर्ध्यातली १९७५ पासूनची आणि गडचिरोलीतली १९९३ पासूनची बंदी मात्र तशीच राहिली. सहा वर्षांत आकडे आले, समित्या बसल्या, अहवाल आले. तरी आज या विषयावर वाद ऐकला तर दोन्ही बाजू २०१५ मध्ये जिथे होत्या तिथेच उभ्या दिसतात.

याचे खापर हट्टावर फोडणे सोपे आहे, पण खरी अडचण वेगळी असते. बहुतेकांनी आपले मत तपासता येईल अशा रूपात कधी मांडलेलेच नसते. ‘दारूबंदी हवी’ किंवा ‘बंदीने काही होत नाही’ अशा वाक्यांना कोणताच पुरावा नीट लागू पडत नाही, म्हणून कोणताच पुरावा ती हलवत नाही. खालची पद्धत या दुरुस्तीसाठी आहे. तिला एक वही लागते आणि एका मतासाठी साधारण दोन संध्याकाळी.

आधी मते निवडा

सगळी मते तपासायला जाऊ नका. एका मताने निवडणुकीचा निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असते, त्यामुळे प्रत्येक प्रश्नावर माहिती गोळा करण्याचे कष्ट मतदाराला परवडत नाहीत, हे अर्थशास्त्रज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्येच दाखवले. म्हणून तीन ते पाच मते निवडा. निवडीचा निकष असा: त्या मतावरून तुम्ही काहीतरी करता (मत देता, देणगी देता, मोर्चाला जाता, निरोप पुढे पाठवता) आणि त्यातल्या वस्तुस्थितीबद्दल खरोखर वाद आहे. बाकीच्या विषयांवर मत असायला हरकत नाही, पण ते मोठ्याने आणि ठामपणे मांडू नका. खोलात न गेलेल्या विषयावर सौम्य बोलणे हाही विवेकच आहे.

मत फोडा

‘चंद्रपुरात दारूबंदी हवी’ या एका वाक्यात निदान पाच वाक्ये दडलेली आहेत. प्रौढ माणसाच्या पिण्यावर सरकारने बंधन घालणे योग्य आहे. बंदीने पिणे कमी होते. पिणे कमी झाले की घरातली मारहाण आणि उधारी कमी होते. विषारी दारूचा धोका त्यामानाने फार वाढत नाही. आणि एकाच जिल्ह्यापुरती बंदी पोलीस व उत्पादन शुल्क खाते राबवू शकते.

यातले पहिले वाक्य मूल्याचे आहे, उरलेली चार वस्तुस्थितीची. वहीत दोन रकाने करून ती वेगवेगळी लिहा. राज्यघटनेच्या ४७ व्या कलमात मादक पेयांवर बंदी आणण्याचा प्रयत्न राज्याने करावा असे मार्गदर्शक तत्त्व आहे. ते पहिल्या रकान्यात जाते. बंदी परिणामकारक ठरते की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

कोणते वाक्य कुठल्या रकान्यात घालावे हे कळत नसेल तर स्वतःला विचारा: उद्या सगळे आकडे माझ्याविरुद्ध गेले तरी मी हेच म्हणेन का? उत्तर ‘हो’ असेल तर ते मूल्य आहे. मूल्य धरून ठेवणे पूर्णपणे विवेकी असू शकते. फक्त मग त्याच्या बचावाला आकडे आणू नयेत. बायकोला मार खावा लागू नये हे पिणाऱ्याच्या मोकळिकीपेक्षा महत्त्वाचे, असे कोणी मानत असेल तर त्याने तसे स्वच्छ म्हणावे. इथली नेहमीची चूक म्हणजे मूल्यावर हल्ला झाला की आकड्यामागे लपायचे आणि आकडा खोटा ठरला की पुन्हा मूल्यावर यायचे. असा माणूस कधीच हरत नाही, आणि म्हणूनच त्याला काही शिकताही येत नाही.

मूल्येही बदलतात, पण वेगळ्या मार्गाने: आपलीच दोन मूल्ये एकमेकांशी भांडताना दिसली की. खाण्यापिण्यावर सरकारने बोलू नये असे गोमांसाबद्दल म्हणणारा आणि दारूबद्दल न म्हणणारा, किंवा याच्या उलट वागणारा, यांना फरकाचे कारण द्यावे लागेल. कारण मिळाले तर मूल्य अधिक नेमके होईल. नाही मिळाले तर दोन्हींपैकी एक सोडावे लागेल.

खात्रीला आकडा द्या

वस्तुस्थितीच्या प्रत्येक वाक्यापुढे ० ते १०० मधला आकडा लिहा. ‘बंदीने पिणे कमी होते: ७०.’ ‘एका जिल्ह्याची बंदी राबवता येते: ३५.’ आकडा अचूक नसला तरी चालतो. तो नसला की नवा पुरावा आल्यावर मत एक तर तसूभर हलत नाही किंवा थेट उलटते. आकडा असला की ७० चे ६२ करता येते, आणि त्यासाठी कोणाची माफी मागावी लागत नाही. राजकीय मताला १०० आणि ० लिहू नका. शंभरावर लिहिलेले मत कुठल्याच पुराव्याने खाली येत नाही, हे गणितानेच ठरते.

काय दिसले तर मत हलेल, ते आधी लिहा

हे निकालाआधी करायचे. नोटाबंदी हे याचे सर्वात स्वच्छ उदाहरण आहे. ८ नोव्हेंबर २०१६ रोजी ५०० आणि १००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. त्यांची किंमत सुमारे १५.४१ लाख कोटी रुपये होती. दहा-अकरा लाख कोटीच परत येतील आणि उरलेला काळा पैसा बाद होईल, अशी अपेक्षा सरकारच्या वतीने सर्वोच्च न्यायालयातही मांडली गेली. रिझर्व्ह बँकेच्या २०१७-१८ च्या वार्षिक अहवालानुसार १५.३१ लाख कोटी, म्हणजे ९९.३ टक्के, परत आले.

ज्याने ‘मोठी रक्कम परत येणार नाही’ हे वाक्य २०१६ मध्ये लिहून ठेवले असते, त्याला २०१८ मध्ये ते खाली आणणे भाग पडले असते. लिहिले नव्हते, म्हणून अनेकांचे समर्थन काळ्या पैशावरून डिजिटल व्यवहारांवर सरकले आणि मताचा आकडा जिथल्या तिथे राहिला. डिजिटल व्यवहार वाढले हे खरेच आहे. पण ते वेगळे वाक्य आहे, त्याला वेगळी ओळ द्यायची, आणि नोटाबंदी नसती तर यूपीआय किती वाढले असते हा प्रश्न त्याच ओळीत लिहायचा. विरोधकांनाही हाच नियम. ९९.३ टक्के नोटा परत आल्या म्हणजे तो सगळा पैसा पांढरा होता, असे सिद्ध होत नाही. काळा पैसा दुसऱ्यांच्या खात्यांतून पांढरा झाला असेल तरी आकडा हाच आला असता.

इथे मापाचाही विचार करा. विकासदर सुमारे दोन टक्क्यांनी घसरू शकेल, असे मनमोहन सिंग २४ नोव्हेंबर २०१६ रोजी राज्यसभेत म्हणाले. भाकीत नेमके होते, ही त्याची जमेची बाजू. पण रोकडीच्या धक्क्याने ज्या असंघटित क्षेत्राचे नुकसान अपेक्षित होते, त्याचा सरकारी अंदाज बराचसा संघटित क्षेत्राच्या आकड्यांवरून बांधला जातो. ज्या मापाला तो धक्का नीट दिसतच नाही, त्याच्या आकड्यावरून मत फार हलवू नये, कोणत्याच बाजूला.

सर्वोच्च न्यायालयाने २ जानेवारी २०२३ रोजी चार विरुद्ध एक अशा बहुमताने नोटाबंदीची प्रक्रिया वैध ठरवली, त्याचेही असेच. तो निकाल कायदेशीरपणाच्या ओळीत जातो. हेतू साध्य झाला का, ही ओळ त्याने हलत नाही.

पुरावा तोलायचा कसा

या पद्धतीचे मर्म इथे आहे, म्हणून इथे वेळ घ्या. पुरावा समोर आला की ‘हा माझ्या मताशी जुळतो का?’ असे विचारू नका. जवळजवळ सगळेच कशाशी ना कशाशी जुळते. दोन प्रश्न विचारा. माझे मत खरे असते तर हे दिसण्याची शक्यता किती? आणि माझे मत खोटे असते तर हेच दिसण्याची शक्यता किती? पहिल्याला दुसऱ्याने भागा. उत्तर एकच्या आसपास आले तर पुरावा निरुपयोगी आहे, मग तो कितीही धक्कादायक असो.

चंद्रपूरची बंदी उठवताना अवैध दारू आणि वाढलेले गुन्हे हे मोठे कारण म्हणून पुढे आले. नोंदलेले गुन्हे तोलून पाहू. बंदी लागू झाली की काल परवान्यावर होणारी विक्रीच आज गुन्हा ठरते. म्हणजे बंदी यशस्वी असली तरी दारूबंदी कायद्याखालचे गुन्हे वाढणारच, समजा ९५ टक्के शक्यता. अपयशी असली तरी वाढणार, समजा ९९ टक्के. भागाकार जवळपास एक. या आकड्याने मत जागचे हलायला नको होते, आणि वाद तर त्याच्याभोवतीच फिरला. त्याऐवजी नोंदणीच्या नियमावर अवलंबून नसलेली मोजमापे बघायची: दारूमुळे सरकारी दवाखान्यात दाखल झालेले, रात्रीचे अपघात, आणि पोलिसांबाहेरच्या कुणीतरी घरोघर जाऊन बायकांना विचारलेली माहिती.

विषारी दारूच्या बातम्याही अशाच तोला. बिहारमध्ये बंदी असताना डिसेंबर २०२२ मध्ये सारण जिल्ह्यात डझनावारी माणसे मेली. गुजरातेत जुलै २०२२ मध्ये बोटाद भागात तेच झाले. ‘बंदी म्हणजे विषारी दारू’ हे पक्के वाटू लागते. मग मुंबईतले मालवणी आठवा. जून २०१५ मध्ये तिथे शंभराहून अधिक माणसे दगावली, आणि मुंबईत परवान्याची दारू राजरोस मिळत होती. जिथे कायदेशीर दारू गरिबाच्या खिशाला परवडत नाही, तिथे बंदीशिवायही हातभट्टी चालते. म्हणून बंदी असलेल्या आणि नसलेल्या भागांत दर लाख लोकसंख्येमागे असे मृत्यू किती, हे पाहावे लागते. ठळक बातम्या मोजून ते कळत नाही.

तुलना कोणाशी करायची हेही नीट ठरवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ वर्षांवरील पुरुषांमध्ये दारू पिणारे बिहारमध्ये १५.५ टक्के आणि महाराष्ट्रात १३.९ टक्के आढळले. ‘बंदीच्या बिहारमध्ये महाराष्ट्रापेक्षा जास्त पितात’ असे मथळे झाले. पण बिहारची खरी तुलना बंदीआधीच्या बिहारशी. २०१५-१६ च्या फेरीत तिथले १५ ते ४९ वयाचे २८.९ टक्के पुरुष पिणारे होते. दोन फेऱ्यांचे वयोगट वेगळे आहेत, त्यामुळे थेट वजाबाकी करू नका, तरी घट मोठी दिसते. लगेच दुसरी शंका घ्या: पिणे हा गुन्हा झाल्यावर पाहणीवाल्यापुढे माणूस खरे सांगेल का? लपवाछपवी असेल तर बंदी फसली तरी आकडा खाली येईल. म्हणजे हा पुरावा बंदीच्या बाजूने आहे, पण पहिल्या नजरेला वाटतो त्यापेक्षा हलका.

लँसेटच्या आग्नेय आशियासाठीच्या वैद्यकीय नियतकालिकात २०२४ मध्ये आलेल्या अभ्यासाने बिहारची शेजारच्या राज्यांशी, बंदीआधी आणि बंदीनंतर अशी तुलना केली. नवऱ्याकडून होणाऱ्या हिंसेची सुमारे २१ लाख प्रकरणे टळली असा त्याचा अंदाज आहे. समजा, ‘बंदीने घरातली मारहाण कमी होते’ यापुढे तुम्ही ६० लिहिले आहे. मत खरे असते तर असा निष्कर्ष निघण्याची शक्यता ६० टक्के धरू. खोटे असते तर योगायोगाने किंवा पद्धतीतल्या उणिवेने तो निघण्याची शक्यता २० टक्के. भागाकार तीन. आता ६० ला उरलेल्या ४० ने (१०० वजा ६०) भागा, १.५ आले. त्याला तीनने गुणा, ४.५. मग ४.५ ला त्यात एक मिळवून आलेल्या ५.५ ने भागा आणि शंभराने गुणा: सुमारे ८२. ओळीपुढे ८२ लिहा.

चंद्रपूरच्या ओळीला मात्र हेच ८२ लावू नका. बिहारची बंदी राज्यभर होती. चंद्रपूरच्या एका बाजूला यवतमाळ, वर नागपूर, खाली तेलंगणा, आणि तिन्हीकडे दारू खुली. म्हणून तिथे भागाकार तीनऐवजी दीड धरणे योग्य वाटते. १.५ गुणिले १.५ म्हणजे २.२५, त्याला ३.२५ ने भागले की सुमारे ६९. पुरावा दुसऱ्या ठिकाणचा असेल तर त्याला असे उतरवून घ्यावे लागते.

पुराव्याच्या जातीतही फरक असतो. ज्यात कोणाला काय मिळाले हे आळीपाळीने किंवा चिठ्ठीने ठरले, त्याचे वजन सर्वात जास्त. ‘बाई सरपंच झाली तरी कारभार नवराच बघतो, आरक्षणाने काही फरक पडत नाही’ हे मत महाराष्ट्रात घरोघरी ऐकू येते, आणि सरपंचपती गावोगावी आहेत हेही खरे. पण राघवेंद्र चट्टोपाध्याय आणि एस्थर डुफ्लो यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेला पश्चिम बंगाल आणि राजस्थानमधला अभ्यास पाहा. कोणती पंचायत बायकांसाठी राखीव हे जवळपास चिठ्ठीसारखेच ठरले होते, म्हणून राखीव आणि बिनराखीव गावांची तुलना चोख होती. दोन्ही राज्यांत राखीव पंचायतींनी पिण्याच्या पाण्यावर जास्त काम केले, आणि तिथल्या बायकांची मुख्य तक्रार पाण्याचीच होती. सगळा कारभार नवऱ्यांचाच असता तर हा फरक दिसायला नको होता. असा एक अभ्यास ओळखीच्या दहा सरपंचपतींपेक्षा जड असतो.

साक्षीदार मोजा, निरोप नव्हे

एकच गोष्ट वीस गटांतून आली तर ती वीस वेळा ऐकलेली एक साक्ष आहे. प्रत्येक निरोपापाशी विचारा, हे कुणी स्वतः पाहिले आहे? व्हॉट्सॲपवर दुहेरी बाण दिसला तर निरोप किमान पाच हात फिरून आला आहे आणि मूळ माणूस तुमच्या ओळखीचा नाही, असे धरा. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणाऱ्या टोळीच्या अफवेवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठार मारले. ऐकणाऱ्यांना ती अफवा अनेक दिशांनी आल्यामुळे खरी वाटत होती.

मूळ आकडा हवा असेल तर माहितीचा अधिकार वापरा. अर्जाला दहा रुपये शुल्क, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर साधारण १५० शब्दांत. ‘दारूबंदीची सर्व माहिती द्यावी’ असे लिहिले तर अर्ज फेटाळायला निमित्त मिळते. ‘अमुक तालुक्यातील ग्रामीण रुग्णालयात २०१३ ते २०२१ या काळात दारूशी संबंधित आजाराने दाखल रुग्णांची वर्षनिहाय संख्या’ असे मागा. बंदीआधीची दोन वर्षे मागायला विसरू नका, नाहीतर तुलनाच करता येत नाही. उत्तर आले नाही तर मुदत संपल्यापासून ३० दिवसांत पहिले अपील करा.

नावांची अदलाबदल

ही चाचणी पाच मिनिटांत होते. पुरावा तोच ठेवा, पक्षांची नावे बदला, आणि तुमचा भागाकार बदलतो का पाहा. महाराष्ट्रात २०२४ च्या लोकसभेला ४८ पैकी ३० जागा महाविकास आघाडीला मिळाल्या आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये विधानसभेच्या २८८ पैकी २३० महायुतीला. मतदान यंत्रांवरचा ज्याचा विश्वास जूनमध्ये एक आणि नोव्हेंबरमध्ये दुसरा होता, त्याने मध्ये कोणता पुरावा आला ते लिहावे. २००९ च्या पराभवानंतर हीच शंका भाजपच्या नेत्यांनी घेतली होती. अनपेक्षित निकाल हा स्वतः दुबळा पुरावा आहे, कारण प्रामाणिक मोजणीतही असे निकाल लागतात. मधल्या काळात लाडकी बहीण योजनेचे महिना १५०० रुपये खात्यात आले होते, हे एकच कारण घेतले तरी दुसरी बाजू दिसते. खरा पुरावा प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांवरच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या आणि यंत्राची बेरीज यांतल्या तफावतीत मिळेल. ती कुठे, किती निघाली ते पाहा आणि आकडा त्याप्रमाणे हलवा.

मत न बदलणे केव्हा योग्य

वादात तुम्हाला निरुत्तर केले म्हणून मत सोडू नका. समोरचा वक्तृत्वात सरस असेल. मुद्दा लिहून घ्या, आठवडाभराने शांतपणे तोला. तुमच्या बाजूचा एक पुरावा पडला म्हणून सगळे मतही सोडायचे नसते. बाकीचे पुरावे उभे असतील तर आकडा थोडा खाली येईल, इतकेच. विरोधी पुरावा निवडून निवडून तुमच्यापर्यंत पोचवला जात असेल, तर त्याचे वजन कमी धरा. मात्र हीच शंका तुमच्या बाजूच्या वाहिनीवरही घ्या.

तुमच्याइतकाच अभ्यास असलेला, तितकाच सरळ माणूस उलट मत धरतो तेव्हा काय करायचे? आधी मुद्दा न मांडता दोघांचे आकडे विचारून घ्या. तुमचे ८०, त्याचे ४०. मग फरक कोणत्या ओळीत आहे ते शोधा. बहुतेक वेळा तो एकाच ओळीत निघतो: त्याला सीमेपलीकडून येणारी दारू जास्त ठाऊक असते, तुम्हाला गावातल्या बायकांचे म्हणणे. तेवढी देवाणघेवाण झाली की दोघांचे आकडे जवळ येतात. काहीच नवी माहिती निघाली नाही आणि त्याच्या विवेकावर शंका घ्यायला कारणही नाही, तर आपला आकडा निदान दहाने मध्याकडे सरकवा.

आणखी एक खूण. कर्जमाफी, मतदान यंत्रे, दारूबंदी, भाषासक्ती या विषयांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. तरी तुमची सगळी मते एकाच पक्षाच्या मतांशी तंतोतंत जुळत असतील, तर काही मते पुराव्यावरून न येता सोबतीने आलेली असण्याची शक्यता मोठी. निवडलेल्या पाच मतांत अशी दोन तरी असू द्या.

आकडा ५५ असताना काय करायचे

मत पक्के नसले तरी निर्णय घ्यावाच लागतो. तेव्हा चूक झाली तर काय होईल आणि ती मागे घेता येईल का, हे खात्रीच्या आकड्याइतकेच मोजा. जिल्हाभराची बंदी लावली की परवाने, रोजगार, पोलीस यंत्रणा, चोरटी साखळी असे सगळे बदलते, आणि ती उठवली तरी ती साखळी मागे उरते. त्यासाठी ७५-८० ची खात्री मागणे रास्त आहे. गावातले एक दुकान बंद करण्यासाठी महाराष्ट्रात आडव्या बाटलीचे मतदान आहे: गावाने मागणी करायची, मतदान घ्यायचे आणि निम्म्याहून अधिक मतदारांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारला की दुकान बंद. तिथे चुकीची किंमत लहान आणि शिकायला मिळते जास्त, त्यामुळे ५५ वरही पाठिंबा देता येतो. दुकान बंद होण्याआधी दोन महिने आणि नंतर सहा महिने गावातल्या आशा ताई आणि बचत गटाकडून तीनच गोष्टींची नोंद ठेवा: दवाखान्यात गेलेल्या मारहाणीच्या केसेस, किराण्याची थकलेली उधारी, आणि शेजारच्या गावाहून येणारी दारू. तिसरी नोंद टाळू नका. पहिल्या दोन्ही सुधारलेल्या दिसल्या आणि तिसरी वाढली, तर कदाचित त्रास फक्त शेजारच्या गावात सरकला असेल, म्हणून त्या गावातल्या नोंदीही मागवून घ्या आणि मगच वहीतला आकडा हलवा.